व्हर्सायचा तह जाचक होता म्हणूनच दुसरे महायुद्ध झाले का?

प्रश्न असा आहे: 1919 मध्ये जर्मनीवर लादलेला तह इतका जाचक नसता, तर 1939 चे युद्ध टळले असते का? आणि जाचक तहातून पुढचे युद्ध जन्मतेच, असा काही नियम काढता येतो का?

राजनयाचा इतिहास शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. या प्रश्नाचे उत्तरपत्रिकांमधले उत्तर ठरलेले असते. अपमानास्पद तह, त्यातून सूडाची भावना, त्यातून हिटलर, त्यातून युद्ध. चार पायऱ्या आणि पूर्ण गुण. हे उत्तर चूक म्हणता येत नाही. पण ते इतके गुळगुळीत आहे की तह आणि हिटलर यांच्यामधली चौदा वर्षे त्यावरून घसरून जातात, आणि खरा पेच त्या चौदा वर्षांतच आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. नुसत्या जाचकपणातून युद्ध उगवत नाही. तह पराभूताला जिव्हारी लागेल असा असतो, तरीही त्याची ताकद शाबूत ठेवतो, आणि तो लादणाऱ्यांना काही वर्षांतच तो राबवण्याचा कंटाळा येतो. या तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका. हे काही माझे शोधून काढलेले नाही. फ्रेंच लेखक झाक बँव्हिल यांनी 1920 मध्येच, शाई वाळते न वाळते तोच, या तहात जेवढा कठोरपणा आहे त्या मानाने तो फार मवाळ आहे, अशी तक्रार केली होती. दोस्त राष्ट्रांचे फ्रेंच सरसेनापती मार्शल फॉश यांचे ‘ही शांतता नव्हे, वीस वर्षांची शस्त्रसंधी’ हे वाक्य तह जाचक असल्याचा पुरावा म्हणून नेहमी फेकले जाते. फॉश यांचे दुखणे नेमके उलटे होते. त्यांना ऱ्हाइन नदी ही जर्मनीची कायमची लष्करी सीमा हवी होती आणि ती मिळाली नाही, म्हणून ते चिडले होते.

आता जाचकपणाचे माप घेऊ. जर्मनीने युरोपातला सुमारे 13 टक्के भूभाग आणि सुमारे 10 टक्के लोकसंख्या गमावली. अल्सास-लोरेन फ्रान्सकडे परत गेले. पोझन आणि पश्चिम प्रशियाचा मोठा भाग पोलंडला मिळाला. डान्झिग राष्ट्रसंघाच्या छत्राखाली मुक्त शहर झाले. सारच्या कोळसा खाणी फ्रान्सला दिल्या आणि तो प्रदेश 15 वर्षे राष्ट्रसंघाच्या ताब्यात ठेवला. वसाहती सगळ्याच गेल्या. सैन्य 1 लाखावर आणले, रणगाडे, लष्करी विमाने आणि पाणबुड्या यांवर बंदी आली. ऱ्हाइनच्या पश्चिमेला आणि पूर्वेकडच्या 50 किलोमीटरच्या पट्ट्यात जर्मन फौजेला मज्जाव झाला, आणि पश्चिम काठावर दोस्त राष्ट्रांच्या फौजा जास्तीत जास्त 15 वर्षे राहणार होत्या.

कडक आहेच. पण याच जर्मनीने त्याआधी जेमतेम सव्वा वर्ष, 3 मार्च 1918 रोजी, ब्रेस्ट-लिटोव्हस्कला रशियाकडून जे लिहून घेतले ते पाहा. रशियन साम्राज्याची जवळपास एक तृतीयांश लोकसंख्या आणि बहुतेक सगळ्या कोळसा खाणी एका सहीने गेल्या. 1871 मध्ये फ्रान्सकडून जर्मनीने अल्सास आणि लोरेनचा तुकडा घेतला, वर 500 कोटी फ्रँक. ती रक्कम फ्रान्सने मुदतीच्या आधीच, 1873 मध्ये फेडली. तेव्हा ‘असा तह जगात कधी झालाच नव्हता’ या जर्मन तक्रारीत फारसा दम नव्हता.

आणि उरले काय ते बघा. पश्चिम आघाडीवरचे युद्ध फ्रान्स आणि बेल्जियमच्या भूमीवर झाले होते. उत्तर फ्रान्समधल्या खाणी माघार घेणाऱ्या जर्मन फौजेने मुद्दाम पाणी सोडून निकामी केल्या होत्या, तर रूरमधले जर्मन कारखाने जसेच्या तसे उभे होते. पूर्वेला 1914 मध्ये रशियन साम्राज्य होते. 1919 नंतर तिथे पोलंड, लिथुएनिया, चेकोस्लोव्हाकिया असे नवे, लहान, आपसांत भांडणारे देश आले. लोकसंख्या आणि पोलाद मोजले तर 1919 चा जर्मनी अजूनही युरोपातला सगळ्यात वजनदार देश होता, आणि आता त्याच्या पूर्वेला त्याला रोखू शकेल असे कोणी नव्हते. नकाशासमोर बसून तहाची कलमे वाचली की हे दिसते. नुसती कलमे वाचली की दिसत नाही.

दुसरी गोष्ट, जी माझ्या मते तहाच्या कुठल्याही कलमापेक्षा जास्त महागात पडली: आपण हरलो आहोत हे जर्मन जनतेला कळलेच नव्हते. 29 सप्टेंबर 1918 रोजी जर्मन सेनापती लुडेनडॉर्फने स्वतः कैसरला (जर्मन सम्राटाला) सांगितले की ताबडतोब शस्त्रसंधी मागा, नाहीतर आघाडी कोसळेल. आणि लगेच त्याने अशीही व्यवस्था केली की शस्त्रसंधी मागण्याचे काम संसदेतल्या पक्षांच्या सरकारने करावे, लष्कराने नाही. 11 नोव्हेंबरला काँपिएन्यच्या जंगलात रेल्वेच्या डब्यात जर्मन शिष्टमंडळाचे नेतृत्व करून सही केली ती मातियास एर्झबर्गर या मुलकी पुढाऱ्याने. त्या दिवशी जर्मन फौजा परक्या मुलखात उभ्या होत्या. बर्लिनमध्ये एकही शत्रुसैनिक नव्हता. डिसेंबरमध्ये फौजा राजधानीत परतल्या तेव्हा नव्या सरकारचे प्रमुख एबर्ट यांनीच त्यांना सांगितले की तुम्हाला कोणत्याही शत्रूने जिंकलेले नाही. बिचाऱ्या एबर्टना सैनिकांचे मन राखायचे होते. त्याची किंमत त्यांच्याच प्रजासत्ताकाने मोजली. वर्षभरात, नोव्हेंबर 1919 मध्ये, युद्धातले सरसेनापती हिंडेनबर्गने संसदेच्या चौकशी समितीपुढे लष्कराच्या पाठीत खंजीर खुपसला गेल्याची साक्ष दिली. ज्या सेनापतींनी युद्ध हरले ते नामानिराळे राहिले आणि ज्यांनी कागदावर सही केली ते देशद्रोही ठरले. एर्झबर्गरची ऑगस्ट 1921 मध्ये गोळ्या घालून हत्या झाली. पुढच्या जूनमध्ये परराष्ट्रमंत्री राथेनाऊ यांची.

न हरलेल्या माणसाला कोणताही तह अन्यायच वाटणार. 1919 चा तह निम्मा मवाळ असता तरी पाठीतल्या खंजिराची कथा तशीच चालली असती, असे मला वाटते.

त्यात तह करण्याची पद्धत अशी निवडली की त्या कथेला खतपाणीच मिळावे. जानेवारी 1919 पासून पॅरिसमध्ये विजेतेच आपसांत वाद घालत होते. फ्रान्सच्या क्लेमांसोला सुरक्षितता हवी, ब्रिटनच्या लॉइड जॉर्जला व्यापार आणि निवडणुकीतली आश्वासने सांभाळायची, अमेरिकेच्या विल्सनला राष्ट्रसंघ हवा. या तिघांमधली तडजोड इतकी नाजूक होती की जर्मनीशी वाटाघाटी सुरू केल्या तर ती उसवेल, अशी भीती होती. म्हणून 7 मे रोजी जर्मन शिष्टमंडळाच्या हाती तयार मसुदा ठेवला आणि सांगितले, जे म्हणायचे ते पंधरा दिवसांत लेखी द्या. परराष्ट्रमंत्री ब्रॉकडॉर्फ-रांट्झाऊ यांनी उत्तराचे भाषण बसूनच वाचले, यावरून विजेते खवळले. काही किरकोळ बदल झाले आणि मग निर्वाणीचा इशारा: सही करा, नाहीतर फौजा पुढे येतील. दरम्यान सागरी नाकेबंदी चालूच होती, ती जुलै 1919 पर्यंत उठली नाही. चॅन्सलर शाइडेमान यांनी सही करण्यापेक्षा राजीनामा दिला. 28 जून रोजी व्हर्सायच्या आरसेमहालात सह्या झाल्या. याच महालात 18 जानेवारी 1871 रोजी जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती, आणि ही जागा योगायोगाने निवडलेली नव्हती. (भारताच्या वतीनेही तिथे सह्या झाल्या, ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्या. या सह्यांमध्ये भारतीय जनतेचे मत किती होते, हा वेगळा विषय.)

कलम 231 बद्दल एवढा धुरळा उडाला आहे की ते शांतपणे वाचायला हवे. जर्मनी आणि तिच्या साथीदारांच्या आक्रमणामुळे लादल्या गेलेल्या युद्धातल्या हानीची जबाबदारी जर्मनी मान्य करते, असे ते म्हणते. पुढचेच कलम 232 सांगते की ही सगळी हानी भरून देण्याइतकी जर्मनीची ऐपत नाही, म्हणून भरपाई ठरावीक प्रकारच्या नुकसानीपुरतीच घेतली जाईल. दोन्ही कलमे वकिली बुद्धीची होती. तत्त्व म्हणून सगळी जबाबदारी, व्यवहारात मर्यादित देणे, असा तो मेळ होता. अमेरिकी शिष्टमंडळातल्या नॉर्मन डेव्हिस आणि जॉन फॉस्टर डलेस यांनी हा तोडगा काढला तो मुळात जर्मनीवरचा बोजा कमी करण्यासाठी. ऑस्ट्रिया आणि हंगेरीबरोबरच्या तहांतही जवळपास हाच मजकूर आहे. तिकडे त्यावरून एवढे रान उठले नाही. जर्मनीत मात्र 232 कोणी वाचलेच नाही आणि 231 म्हणजे ‘युद्धाचे पाप एकट्या जर्मनीचे’ असा कबुलीजबाब ठरला. परराष्ट्र खात्याने या आरोपाचे खंडन करण्यासाठी स्वतंत्र विभागच चालवला. कलमातून विजेत्यांना एक पैसाही जास्त मिळाला नाही. हातात काहीच न देणारी पण समोरच्याला आयुष्यभर डिवचत राहणारी अट ही कोणत्याही तहातली सगळ्यात महाग अट असते.

आता पैशाकडे येतो. इथे जरा थांबणार आहे, कारण आकडे सगळ्यांना पाठ असतात आणि यंत्रणा कोणालाच माहीत नसते.

1919 च्या तहात भरपाईची रक्कम लिहिलेलीच नव्हती. ती नंतर ठरवायची म्हणून आयोग नेमला. हे कडकपणामुळे नव्हे, तर घाबरटपणामुळे झाले. ब्रिटन आणि फ्रान्समधल्या पुढाऱ्यांनी मतदारांना सांगितले होते की जर्मनीकडून पै न् पै वसूल करू. खरा, वसूल होण्याजोगा आकडा जाहीर केला असता तर त्यांची खुर्ची गेली असती. मे 1921 मध्ये लंडनला आकडा ठरला तो 13,200 कोटी सुवर्ण मार्क. पण तो तीन प्रकारच्या कर्जरोख्यांत विभागला होता. ‘अ’ रोखे 1,200 कोटींचे, ‘ब’ 3,800 कोटींचे, आणि ‘क’ तब्बल 8,200 कोटींचे. ‘क’ रोख्यांवर व्याज नाही, आणि जर्मनीची ऐपत सिद्ध झाल्याशिवाय ते काढायचेही नाहीत. म्हणजे खरे देणे 5,000 कोटींचे. उरलेले 8,200 कोटी फ्रेंच आणि ब्रिटिश मतदारांच्या समाधानासाठी कागदावर होते.

राजकारणाच्या दृष्टीने हुशारी झाली म्हणायची. पण परिणाम पाहा. मूळ दावा कमी केला हे फ्रेंच नागरिकाला कळले नाही, म्हणून पुढे प्रत्येक सवलत त्याला फसवणूक वाटली. खरे देणे 5,000 कोटींचेच आहे हे जर्मन नागरिकाला कळले नाही, म्हणून त्याच्या डोक्यावर नातवंडांपर्यंत 13,200 कोटींचे ओझे राहिले. दोन्ही बाजूंना एकाच खोट्या आकड्याने चिडवत ठेवले.

वसुलीची गंमत आणखी वेगळी. सुवर्ण मार्कांत देणे फेडायचे तर जर्मनीने निर्यात वाढवून परकीय चलन कमवायला हवे. म्हणजे तिचा माल ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका यांनी विकत घ्यायला हवा. ते कोणालाच नको होते. अमेरिकेने 1922 मध्ये आयातकर वाढवले आणि 1930 मध्ये पुन्हा वाढवले. वर ब्रिटन आणि फ्रान्सने युद्धात अमेरिकेकडून घेतलेले कर्ज अमेरिकेला परत हवेच होते, त्यामुळे ते दोघे जर्मनीला सूट द्यायला तयार नव्हते. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी ब्रिटिश कोषागाराच्या शिष्टमंडळातून जून 1919 मध्ये राजीनामा दिला तो अशाच कारणांसाठी. मग त्यांनी तहावर टीका करणारे पुस्तक लिहिले, आणि अर्थशास्त्रापुरते त्यांचे बरेचसे म्हणणे खरे होते.

जानेवारी 1923 मध्ये लाकूड आणि कोळशाचा पुरवठा कमी पडला म्हणून फ्रेंच आणि बेल्जियन फौजा रूरमध्ये घुसल्या. जर्मन सरकारने असहकार पुकारला, काम बंद ठेवणाऱ्या कामगारांचे पगार भरले, आणि त्यासाठी नोटा छापल्या. युद्ध कर्जावर चालवल्यामुळे चलनवाढ आधीच सुरू होती. आता तिला धरबंदच उरला नाही. युद्धापूर्वी डॉलरला 4.2 मार्क पडत, नोव्हेंबर 1923 मध्ये 4.2 लाख कोटी पडू लागले. मध्यमवर्गाची आयुष्यभराची बचत संपली. याच महिन्यात म्युनिकमध्ये हिटलरचा उठाव झाला, तो फसला. या सगळ्यातून फ्रान्सला काय मिळाले? थोडा कोळसा, आणि ब्रिटन-अमेरिकेची नाराजी. जर्मनीकडून बळाने वसुली करण्याचा हा शेवटचा प्रयत्न ठरला. एकट्याने तह राबवायला जाणे परवडत नाही, हा धडा फ्रान्सने 1923 मध्ये घेतला आणि 1936 मध्ये तो नको तिथे वापरला.

1924 च्या डॉज योजनेने हप्ते आवाक्यात आणले आणि 80 कोटी सुवर्ण मार्कांचे कर्ज उभारून दिले. त्यानंतर अमेरिकी भांडवल जर्मनीत वाहू लागले. जर्मनी त्यातून ब्रिटन-फ्रान्सला भरपाई देई, ते त्यातून अमेरिकेचे कर्ज फेडत, आणि पैसा पुन्हा जर्मनीत कर्ज म्हणून येई. 1924 ते 1931 या काळात जर्मनीने भरपाई म्हणून जेवढे दिले त्यापेक्षा जास्त परदेशी कर्ज घेतले, आणि त्यातले बरेचसे पुढे बुडवले. 1932 मध्ये लोझान परिषदेत भरपाई जवळजवळ रद्दच झाली. तोवर एकूण दिले गेले ते सुमारे 2,000 कोटी सुवर्ण मार्क. 1921 च्या आकड्याच्या सातव्या हिश्शाहून जरासेच जास्त. तेव्हा ‘भरपाईने जर्मनी कंगाल झाला’ हे मला पटत नाही. भरपाईने जर्मन राजकारण नासवले, हे पटते.

तह आणि हिटलर यांच्यातला संबंध किती सैल होता ते मतांवरून कळते. मे 1928 च्या निवडणुकीत नाझी पक्षाला 2.6 टक्के मते आणि 12 जागा मिळाल्या. तहाला तेव्हा नऊ वर्षे झाली होती आणि कलम 231 जागेवरच होते. 1925 मध्ये लोकार्नोचे करार होऊन जर्मनीने पश्चिमेकडची सीमा आपखुशीने मान्य केली होती, 1926 मध्ये तो राष्ट्रसंघात आला होता. परराष्ट्रमंत्री स्ट्रेसमान यांचे धोरण तह पाळता पाळता सैल करून घेण्याचे होते, आणि ते चालत होते. मग 1929 मध्ये स्ट्रेसमान वारले, त्याच महिन्यात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, अमेरिकी कर्जे आटली. सप्टेंबर 1930 मध्ये नाझींना 18.3 टक्के, जुलै 1932 मध्ये 37.3 टक्के. मधे बेकारांची संख्या 60 लाखांच्या घरात गेली होती. तहाने हिटलरला सत्तेवर आणले नाही. मंदीने माणसे बेकार केली तेव्हा त्यांच्या रागाला एक तयार पत्ता तहाने दिला होता. 1929 मध्येच यंग योजनेनुसार हप्ते 1988 पर्यंत चालणार असे ठरले. त्याविरुद्ध हुगेनबर्ग या बड्या वृत्तपत्रमालकाने हिटलरला हाताशी धरून जनमत मोहीम चालवली. मोहीम सपशेल पडली, पण हिटलर प्रतिष्ठितांच्या पंगतीत बसला.

आता तह राबवणाऱ्यांकडे वळतो. फ्रान्सने ऱ्हाइनचा हट्ट सोडला तो एका आश्वासनावर: जर्मनीने पुन्हा हल्ला केला तर अमेरिका आणि ब्रिटन धावून येतील, असे हमीकरार विल्सन आणि लॉइड जॉर्ज यांनी करून दिले होते. अमेरिकी सिनेटने व्हर्सायचा तह नोव्हेंबर 1919 मध्ये आणि पुन्हा मार्च 1920 मध्ये फेटाळला. हमीकरार तर मतालाही आला नाही. ब्रिटनची हमी अमेरिकेच्या मंजुरीवर अवलंबून ठेवली होती, त्यामुळे तीही गेली. ज्या ताकदीच्या भरवशावर तह कडक लिहिला ती ताकद वर्षभरात घरी निघून गेली.

पुढे सवलती दिल्या गेल्या, पण कोणाला आणि कधी हे पाहण्यासारखे आहे. 1931 मध्ये चॅन्सलर ब्रुनिंग यांच्या सरकारने ऑस्ट्रियाबरोबर नुसता जकातसंघ करायचा म्हटले तर फ्रान्सने तो हाणून पाडला. ब्रुनिंग तहाच्या चौकटीत वावरणारे. 1935 मध्ये हिटलरने उघडपणे सक्तीची लष्करभरती जाहीर केली, तहाचे लष्करी कलमच फाडले. तर तीन महिन्यांत ब्रिटनने त्याच्याशी नाविक करार करून ब्रिटिश आरमाराच्या 35 टक्के आरमाराची परवानगी दिली. 7 मार्च 1936 रोजी त्याने ऱ्हाइनलँडमध्ये फौज घातली, फ्रान्स हलला नाही. जे विनंती करणाऱ्याला नाकारले ते धमकावणाऱ्याला मिळाले. जर्मन मतदाराने यातून काय शिकायचे होते? आणि इथे केन्स यांच्या लिखाणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. तह अन्याय्य आहे हे ब्रिटनमधल्या सुशिक्षितांच्या इतके अंगवळणी पडले होते की तो मोडणाऱ्याला अडवताना त्यांनाच अपराधी वाटे.

सीमांच्या बाबतीत विजेत्यांनी स्वतःच्या तत्त्वाला स्वतःच भोक पाडले. स्वयंनिर्णयाचे तत्त्व पोलंडला लागू, चेकोस्लोव्हाकियाला लागू, पण चेकोस्लोव्हाकियाच्या सुदेतेन भागातल्या 30 लाखांहून अधिक जर्मनभाषकांना नाही. ऑस्ट्रियाच्या हंगामी संसदेने 12 नोव्हेंबर 1918 रोजी जर्मनीत सामील होण्याचा ठराव केला होता, तहाने त्याला मनाई केली. दोन्ही निर्णयांना लष्करी कारणे होती आणि ती सबळ होती. मात्र 1938 मध्ये हिटलरने नेमक्या याच दोन जागी बोट ठेवले आणि विल्सनच्या शब्दांत मागणी केली, तेव्हा लंडन आणि पॅरिसकडे उत्तर नव्हते. हंगेरीचे तसेच. त्रियानाँच्या तहात (4 जून 1920) तिचा दोन तृतीयांशाहून जास्त प्रदेश गेला आणि 30 लाखांहून अधिक मॅग्यार (हंगेरियन) शेजारच्या देशांत राहिले. एवढ्याशा हंगेरीने स्वतः युद्ध पुकारणे शक्य नव्हते. पण जो कोणी नकाशा बदलून देईल त्याच्या मागे जायला तो तयार होता, आणि 1938 व 1940 मध्ये हिटलर-मुसोलिनीने त्याला तुकडे परत दिले.

नियम काढायचा तर उलटी उदाहरणेही हवीत. 1866 मध्ये बिस्मार्कने ऑस्ट्रियाला हरवले आणि राजाचा, सेनापतींचा रोष पत्करून स्वतःसाठी ऑस्ट्रियाची एक वीतभर जमीन घेतली नाही. 1879 मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीचा मित्र होता. त्याच बिस्मार्कच्या कारकिर्दीत 1871 ला अल्सास-लोरेन घेतले, तर फ्रान्सशी समेटाची दारे कायमची बंद झाली. तरी फ्रान्सने त्यासाठी 43 वर्षांत युद्ध पुकारले नाही, हेही लक्षात ठेवावे. 1815 मध्ये नेपोलियन परत आल्यावर फ्रान्सवर 70 कोटी फ्रँक आणि दीड लाख परकी फौज लादली, पण 1818 मध्ये हिशेब पुरा करून फौजा निघाल्या आणि फ्रान्सला मोठ्या राष्ट्रांच्या मंडळात खुर्ची मिळाली. शिक्षेला शेवट होता, आणि शेवटी जागा राखलेली होती.

तुर्कस्तानवर लादलेला 1920 चा सेव्रचा तह व्हर्सायपेक्षा कितीतरी क्रूर होता. मुस्तफा केमाल यांच्या फौजेने तो रणांगणावरच मोडला आणि 1923 मध्ये लोझानला नव्याने, समोरासमोर बसून वाटाघाटी झाल्या. तो तह आजही टिकून आहे आणि तुर्कस्तान दुसऱ्या महायुद्धात जवळपास शेवटपर्यंत तटस्थ राहिला. मात्र लोझानचे गोडवे गाताना, दहा-बारा लाख ग्रीक ख्रिश्चन आणि चार लाखांच्या आसपास मुसलमान यांना सक्तीने देश बदलावा लागला, हे विसरू नये.

मराठी वाचकाला आणखी एक तह आठवेल, जून 1817 चा पुण्याचा, इंग्रजांनी दुसऱ्या बाजीराव पेशव्यावर लादलेला. त्यातही कलम 231 सारखी एक अट होती: गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनात पेशव्याचा विश्वासू त्र्यंबकजी डेंगळे दोषी आहे हे बाजीरावाने मान्य करायचे. शिवाय मराठा संघाचे प्रमुखपद सोडायचे, मुलूख द्यायचा. पाच महिन्यांत, 5 नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. म्हणजे जाचक तहाने युद्ध पेरले हे खरेच. पण ते पिकले कोणाला? जून 1818 मध्ये बाजीराव शरण गेला आणि पेशवाई संपली. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याच्या पाठीशी तह राबवण्याची ताकद आणि इच्छा दोन्ही होते. पराभूताचा संताप सारखाच, शेवट मात्र लादणाऱ्याच्या तयारीवर ठरला.

आणि 1945. व्हर्सायच्या कैकपट कडक. बिनशर्त शरणागती, पूर्ण देशावर ताबा, ओडर-नाइसे नद्यांपलीकडचा सगळा प्रदेश गेला, सुमारे सव्वा कोटी जर्मनांना पूर्व युरोपातून हाकलले, देशाचे तुकडे. त्यातून सूडाचे युद्ध का झाले नाही? पराभव प्रत्येकाने स्वतःच्या गल्लीत पाहिला होता, खंजिराच्या कथेला जागा नव्हती. फौजा परत गेल्या नाहीत, उलट शीतयुद्धामुळे थांबल्या. आणि पश्चिम जर्मनीला थोड्याच वर्षांत नियम पाळण्यात फायदा दिसू लागला: अमेरिकी मदतीची मार्शल योजना, 1951 चा कोळसा-पोलाद समुदाय, 1953 चा लंडनचा कर्जकरार, ज्यात जुन्या कर्जाचा जवळपास अर्धा बोजा उतरवला आणि फेड निर्यातीच्या कमाईशी जोडली. 1921 मध्ये जे जमले नव्हते ते 1953 मध्ये जमले.

मूळ प्रश्नाचे सरळ उत्तर द्यायचे तर: मवाळ तहाने 1939 टळले असते असे मला वाटत नाही, कारण पूर्वेकडे साम्राज्य पसरवण्याची हिटलरची भूक व्हर्साय रद्द होऊन भागणारी नव्हती. पण त्याला जर्मनीत मते आणि लंडनमध्ये सहानुभूती मिळणे बरेच अवघड झाले असते. 1919 च्या मसुद्यात मला हात घालता आला असता, तर मी सीमांना फारसे शिवलो नसतो. कलम 231 काढले असते आणि 232 ठेवले असते. भरपाईचा खरा आकडा, 5,000 कोटी किंवा त्याहून कमी, तिथेच लिहिला असता. आणि फ्रान्सला दिलेली ब्रिटनची हमी अमेरिकी सिनेटच्या मतावर टांगून ठेवली नसती.